तेराव्यानंतरचं वर्ष

जोडीदाराच्या मृत्यूनंतर आपल्याकडे घर माणसांनी भरून जातं. चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भाताची पातेली येतात, मुलांना कोणीतरी आपल्या घरी झोपायला नेतं, दहाव्या-तेराव्याची तयारी न सांगता होते. मुसलमान कुटुंबांत नातलगांची ये-जा चाळिसाव्यापर्यंत चालू राहते. या रीतींचं मोल मी कमी लेखत नाही. ज्या दिवसांत पाणी प्यायचंही भान नसतं, ते दिवस माणूस या सोबतीच्या बळावर काढतो. पण शोकाशी निगडित समुपदेशन हे माझं कामाचं क्षेत्र आहे आणि या क्षेत्रातलं संशोधन व आपल्या समाजाची रीत शेजारी ठेवून पाहिली, की एक विसंगती ठळकपणे दिसते. आधाराची सगळी शिदोरी आपण पहिल्या पंधरवड्यातच संपवून टाकतो आणि खरी वाटचाल सुरू होते तेव्हा मागे राहिलेल्या माणसाला एकटं सोडतो. माझं म्हणणं असं, की आधाराचं वेळापत्रकच बदलायला हवं. कागदोपत्री कामांत मदत, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक आणि त्याच वाटेने गेलेल्या माणसांची संगत या तीन गोष्टी पहिलं वर्षभर तरी मिळायला हव्यात. नुसत्या सांत्वनाने संसार पुन्हा उभा राहत नाही.

शोकाबद्दल सर्वांत जास्त ऐकलेली गोष्ट म्हणजे त्याच्या पाच पायऱ्या. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, पण त्यांचा मूळ अभ्यास स्वतः मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांचा होता. मागे राहिलेल्यांवर त्या पुढे चिकटवल्या गेल्या आणि शोक एकेक पायरी चढून संपतो असा समज रूढ झाला. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला वास्तवाच्या अधिक जवळचं वाटतं. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करतो. एक काम गेलेल्या माणसाची आठवण काढण्याचं, रडण्याचं. दुसरं, त्याच्या जाण्याने अंगावर पडलेल्या नव्या जबाबदाऱ्या निभावण्याचं. सकाळी फोटोपुढे बसून रडलेली बाई दुपारी बँकेत जाऊन व्याजदर विचारते, तेव्हा ती कोरडी झालेली नसते आणि रडणं लपवतही नसते. ही ये-जा हेच सावरण्याचं लक्षण आहे. आपल्या रीती पहिल्या कामासाठी भरपूर जागा ठेवतात. दुसऱ्या कामासाठी त्यांच्यात जवळजवळ काहीच नाही.

काळ हेच औषध, असं यावर कोणी म्हणेल. काळाने बहुतेकांचं दुःख बोथट होतं हे खरं आहे आणि बहुसंख्य माणसं कोणत्याही उपचाराशिवाय सावरतात, हेही संशोधनाने वारंवार दाखवलं आहे. पण तो काळ कसा जातो याला महत्त्व आहे. कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ब्रिटनमधल्या पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांच्या नोंदी तपासल्या. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळलं आणि पुढे ते उतरत गेलं. म्हणजे शरीराला सर्वाधिक धोका ज्या महिन्यांत असतो, नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडचे पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. रक्तदाबाची गोळी घेतली का, जेवण झालं का, झोप लागते का, हे विचारणारं कोणी उरत नाही. काही जणांचा शोक मात्र दीर्घकाळ तसाच तीव्र राहतो आणि रोजचं जगणंच थांबवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला आता स्वतंत्र स्थान आहे आणि ते निदान करण्यापूर्वी किमान सहा महिने जाऊ द्यावेत अशी अट आहे. त्याआधीच्या रडण्याला आजार म्हणू नये. मात्र जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे नव्या जबाबदाऱ्या निभावण्याकडे, जरा जवळून पाहू. पती गेल्यावर त्याचा मोबाइल बंद करणं ही घरच्यांना साधी आवराआवर वाटते. पण त्याच क्रमांकावर बँकेचा ओटीपी येतो, गॅसचं बुकिंग होतं, विमा कंपनीचे संदेश येतात. ते सिमकार्ड बंद पडलं की महिन्याभरात घरातले अर्धे व्यवहार अडतात. कागदपत्रांचंही तसंच. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, दाखल्याच्या प्रती प्रत्येक ठिकाणी लागतात आणि सातबारावर वारस नोंद व्हावी म्हणून तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावं लागतं. जुन्या ठेवीवर लग्नाआधी लिहिलेलं वडिलांचं किंवा भावाचं नाव नॉमिनी म्हणून तसंच असतं आणि पैसा त्यांचाच, असं घरात गृहीत धरलं जातं. वास्तविक बँक ठेवींबाबत २०१० साली आणि शेअर्सबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की नॉमिनीला रक्कम स्वीकारता येते, पण त्यामुळे वारसांचा हक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना पतीच्या वाट्यात समान हिस्सा मिळतो. हे सगळं बाईला कळेपर्यंत बऱ्याचदा तिच्यापुढे हक्कसोड पत्र येऊन पडलेलं असतं. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र फिरवणं फार अवघड असतं. म्हणून माझा आग्रह आहे, की पहिल्या वर्षात घर विकणं, हिस्सा सोडणं, सगळी रक्कम कोणाच्या तरी धंद्यात घालणं असे परत न फिरणारे निर्णय टाळावेत आणि तिच्याकडून ते करवून घेणाऱ्यांना नातलगांनीच अडवावं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आपल्याकडे कुटुंब आहे, दीर-भाऊ आहेत, तिला कागदांशी काय करायचंय? कुटुंबाची माया मी नाकारत नाही, पण आकडे वेगळं सांगतात. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिच्यावर त्यांतल्या ४० टक्के बायकांना अजून हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के होत्या. नाव सातबारावर नसलं की पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई यांतलं काहीही मिळवताना पावलोपावली अडचण येते. सासरचं छत्र आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हे समीकरण तिथेच फसतं. छत्राखाली राहायचं की नाही हे ठरवण्याची ताकद तिच्या हातात असेल, तरच ते नातं मायेचं राहतं. म्हणून कागद तिच्या नावावर करून देणं हा कुटुंबावरचा अविश्वास मानू नये. कुटुंब टिकवण्याचा तो सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

तिसरी गोष्ट संगतीची. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन यांनी एक उपक्रम सुरू केला. त्यात नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीच्या घरी तज्ज्ञाऐवजी काही वर्षांपूर्वी विधवा झालेली दुसरी स्त्री जात असे. अनुभवाने शहाण्या झालेल्या बाईचा शब्द ऐकणारीला खरा वाटतो, हे त्यातून दिसलं. महाराष्ट्राला हे सूत्र नवं नव्हतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे विधवा मुली एकत्र राहिल्या आणि शिकल्या. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. कर्वे यांनी १८९३ साली हा विवाह केला, पण तेवढ्यावर न थांबता १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. एकेक पुनर्विवाह लावण्यापेक्षा शिक्षण आणि चरितार्थ यांचा मार्ग अधिक बायकांपर्यंत पोचेल, असा त्यांचा विचार होता. कोरोनाच्या काळातही, २०२१ मध्ये कार्यकर्त्यांनी पती गमावलेल्या बायकांसाठी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभारली.

विधवांना एकत्र आणलं की दुःखच उगाळलं जातं, त्यांच्यावर शिक्का बसतो, असा आक्षेप घेतला जातो. गटाचं काम फक्त रडण्यापुरतं राहिलं तर तसं होईलही. म्हणून गटात कामाचा विषय हवा: संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कसा भरायचा, मुलाच्या फीचं काय, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर जायचं का. शिक्का गटामुळे बसत नाही, तो आधीच बसलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं अशा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तसंच करण्याचं आवाहन केलं. हे पाऊल मोलाचं आहे. पण ठरावाला जिवंत ठेवायला गावात अशा चार-सहा बायका हव्यात, ज्या कुंकू लावून, बांगड्या भरून वावरतात आणि नव्याने एकटी झालेलीला हाताला धरून बरोबर नेतात.

पुरुषांविषयी आपण फारच कमी बोलतो. २०११च्या जनगणनेत देशात सव्वाचार कोटींहून अधिक विधवा आणि सव्वा कोटीच्या आसपास विधुर नोंदले गेले. तफावतीमागे वयातलं अंतर आणि स्त्रियांचं अधिक आयुष्य आहे, तसंच पुरुषांचं लवकर होणारं दुसरं लग्नही आहे. मुलांना आई हवी म्हणून वर्षाच्या आत केलेलं लग्न हा शोकावरचा उपाय नव्हे. त्याने शोक आणि नवी पत्नी, दोघांवरही अन्याय होतो. ज्याने कधी कुकर लावला नाही, नातलगांना स्वतः फोन केला नाही, अशा साठीच्या पुरुषाला शोकात सर्वांत आधी स्वयंपाक आणि माणसं जोडणं शिकावं लागतं. पार्क्स यांचे आकडे विधुरांचे आहेत, हे विसरू नये.

पुनर्विवाहाबाबत माझी भूमिका स्पष्ट आहे: तो निर्णय तिचा किंवा त्याचा, घाईही नको आणि बंदीही नको. पहिल्या जोडीदाराशी प्रतारणा होते, हा मुलांचा आक्षेप प्रेमातून येतो, पण गेलेल्याशी असलेलं नातं नव्या नात्याने पुसलं जात नाही. शोकाच्या अभ्यासकांनी गेल्या तीन दशकांत हेच मांडलं आहे. व्यवहारही नीट माहीत हवा. पतीकडून वारसाने मिळालेली मालमत्ता पुनर्विवाहाने जात नाही, मात्र १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेतलं विधवेचं निवृत्तिवेतन थांबतं. हे दोन्ही जाणून घेऊन ठरवता आलं पाहिजे.

म्हणून ज्यांच्या ओळखीत कोणी नुकतं एकटं झालं आहे, त्यांना माझं सांगणं साधं आहे. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणून निघू नका, कारण ते माणूस सांगणार नाही. 'बुधवारी तुमच्याबरोबर तलाठी कार्यालयात येतो' असं म्हणा आणि जा. तिसऱ्या महिन्यात जा, पहिल्या दिवाळीला जा, वर्षश्राद्धानंतरही जा. गेलेल्याचं नाव घेऊन बोला. निर्णय त्यांना घेऊ द्या. पहिल्या तेरा दिवसांत आपला समाज जेवढी आस्था दाखवतो तेवढी आपल्यात आहेच. ती वर्षभर पुरवून वापरणं एवढंच आपल्याला शिकायचं आहे.