दवणा आणि मरवा

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून उतरणाऱ्या एसटीत कुणाच्या पिशवीत दवणा आहे, हे विचारावं लागत नाही. गुलालानं माखलेली माणसं, कुणाच्या खांद्यावर पेंगलेलं पोर, घाम, डिझेल, ओल्या खोबऱ्याच्या वाट्या, आणि या सगळ्यावर मांड ठोकून बसलेला दवणा. जुडी दोन बोटांएवढी असली तरी गाडी त्याचीच. मागच्या बाकावर बसणं त्याला जमतच नाही.

मरवा निराळ्या स्वभावाचा. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या फुलवाल्यांकडे तो रोज असतो, पण कुणी मुद्दाम त्याला भेटायला जात नाही. अबोलीला स्वतःचा वास नाही, म्हणून वेणीत तिच्या जोडीला मरव्याच्या काड्या गुंफतात. कौतुक अबोलीच्या रंगाचं होतं, काम मरवा करतो. तेही बोलावल्याशिवाय नाही. केसांवरून हात फिरला, पान चुरगळलं, की मग उबदार, किंचित कापरासारखा वास येतो. हात काढला की पुन्हा गप्प.

दोघांचा रंग राखाडी हिरवा, दोघं सुवासाचे, दोघांची नावं लोकगीतांत जोडीनं येतात. त्यामुळे ते भाऊभाऊ असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात सोयरीकसुद्धा नाही. दवणा झेंडू-शेवंतीच्या कुळातला, मरवा तुळशी-पुदिन्याच्या. मरव्याची काडी बोटांत फिरवून पाहिली की तुळशीच्या घराण्याची चौकोनी दांडी लागते. दवण्याची पानं इतकी बारीक कातरलेली असतात की पान कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली ते कळू नये. त्यावर रुपेरी लव, आणि फूल म्हणाल तर पिवळी बारीक गोंडी.

दवणा दक्षिण भारताचा. कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू, आंध्र एवढ्या भागात त्याची शेती होते आणि त्याचं तेल परदेशातल्या अत्तरांत जातं. त्या तेलातल्या मुख्य घटकाला रसायनशास्त्रज्ञांनी नावही ‘दावानोन’ असं त्याच्यावरूनच दिलं. अत्तरवाले सांगतात, हे तेल प्रत्येकाच्या अंगावर वेगळं बोलतं. गोतावळाही मोठा आहे. चिनी दवण्यापासून काढलेल्या आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं.

मरव्याचं मूळ गाव सायप्रस आणि तुर्कस्तानचा दक्षिण भाग. पिझ्झ्यावर भुरभुरतात तो ओरेगॅनो त्याचा सख्खा चुलतभाऊ. युरोपात मरवा स्वयंपाकघरात राबतो, मांसाच्या पदार्थांत पडतो. कोल्हापूरसारख्या मटणाच्या गावानं मात्र त्याला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. इथं आल्यावर तो थेट डोक्यावर चढला, आणि मला यात काही चूक दिसत नाही.

दवण्याचं आयुष्य एका हंगामाचं. दिवाळीनंतर बी पेरायचं. बी इतकं बारीक की मातीत खोल गेलं तर वर यायची आशा सोडावी. नुसतं भुरभुरून हलका हात फिरवायचा. बी वर्षभरापेक्षा जुनं असेल तर उगवेलच असं नाही. रोपं महिना-दीड महिन्याची झाली की लावणी. मग त्याला थंड रात्री हव्यात, स्वच्छ ऊन हवं, बेतानं पाणी हवं. अवकाळी पाऊस लागला की वास उतरतो, पाणी साचलं की मूळच कुजतं. माघात जोतिबाचे खेटे सुरू होतात, कोल्हापुरातून माणसं रविवारी अनवाणी पायांनी वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढतात. त्याच सुमाराला दवणा फुलावर येऊ लागतो, आणि फुलावर आला की त्याचा वास भरात असतो.

खरी परीक्षा पुढं. मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची, म्हणजे हनुमान जयंतीच्या सुमाराची. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला आली, २०२४ साली २३ एप्रिलला. पंचांगाचा हा सतरा दिवसांचा झोका झाडाला ठाऊक नसतो. थंडी सरली की ते आपलं वाळायला लागतं. देवाला ताजा दवणा वाहायचा तर हा मेळ शेतकऱ्यानं घालायचा. सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो, गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा उधळला जातो, तेव्हा त्या मेळाचा विचार कुणी करत नाही.

असा हा गडी कुंडीत लावायचा हट्ट अनेकांना सुटत नाही. एका फुलवाल्या मावशींनी मला रोप देता देता सुनावलं होतं, “न्या की ताई, पर त्यो देवाचा हाय. घरात न्हाई रमायचा.” बाल्कनीतला दवणा मेमध्ये करपला की माणसं पाणी वाढवतात, खत घालतात, औषध फवारतात. त्याला काहीही झालेलं नसतं. त्याचं वय झालेलं असतं. बी धरून ठेवायचं आणि पुढच्या कार्तिकाची वाट पाहायची, एवढाच उपाय. वाळलेली जुडी कपड्यांच्या कपाटात टाकावी. वास पुष्कळ दिवस राहतो.

मरव्याचा प्रश्न उलटा. तो वर्षानुवर्षं राहायला तयार असतो, पण त्याच्याकडे रोज पाहावं लागतं. शेंडे खुडत राहिलं तर झुडूप दाट होतं. दया दाखवून न खुडलं तर लांबट, काटकुळं होतं, फुलाच्या गाठी धरतं आणि पानांचा जोर जातो. कोल्हापुरात त्याचे दोन वैरी. एक, नदीकाठची काळी माती, जी पाणी धरून बसते. तिच्यात वाळू, शेणखत आणि पन्हाळ्याकडची तांबडी माती मिसळल्याशिवाय मरवा लावू नये. दुसरा, आषाढ. पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात असते तेव्हा अंगणातला मरवा मुळाशी कुजत असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातच कुंडी पत्र्याखाली घ्यावी, उजेड मात्र तोडू नये. वरची माती कोरडी लागेपर्यंत पाणी नाही.

वासात दवण्यापुढं मरवा फिकाच, हे मान्य करून मी बाल्कनीतली जागा मरव्यालाच देईन. दोन-तीन वर्षांनी त्याचं खोड लाकडी होतं, तेव्हा कोवळ्या फांद्या तोडून नवी कुंडी करायची. विकतच्या वेणीतली काडी लावून पाहणारे खूप असतात. ती बहुधा सुकते, कारण सकाळपासून उन्हात बसून आणि दोऱ्यानं आवळून ती आधीच दमलेली असते. शेजारच्यांच्या कुंडीतली जमिनीला टेकून मूळ धरलेली फांदी मागून घ्यावी. पावसाळा सरल्यावर, पितृपक्षाच्या आसपास लावली तर सहसा दगा देत नाही.