दोन ताटल्यांमधलं अंतर

घरात एक मांजर पाळलेलं आहे आणि ओसरीवर दुसरंच कुणाचं तरी, किंवा कुणाचंच नसलेलं, मांजर येऊन बसतं. त्याला खायला घालायचं की नाही, हा प्रश्न अमळनेरच्या माझ्या दवाखान्यात दिवाळीच्या आसपास फार विचारला जातो. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं याच सुमारास दूध सोडून आईमागे हिंडू लागतात. जुन्या वस्तीत घरं एकमेकांना खेटलेली, धाब्याला धाबं लागलेलं, त्यामुळे एका छपरावरून निघालेली भाटी जमिनीला पाय न लावता सगळी गल्ली फिरून येते. त्यात फटाके सुरू झाले की बिथरलेली मांजरं मिळेल त्या आडोशाला शिरतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे: घाला. भुकेल्या जिवाला हाकलून द्या, असं सांगायला मी पशुवैद्यक झाले नाही. पण कुठं घालायचं, केव्हा घालायचं, काय घालायचं आणि ते मांजर रोज यायला लागल्यावर पुढं काय करायचं, हे ठरवूनच घाला. नाहीतर त्या ताटलीची किंमत घरचं मांजर मोजतं, आणि कधीकधी जिवानिशी मोजतं.

नेहमी येणारी केस सांगते. नसबंदी केलेला, घरातच वाढलेला, चार-पाच वर्षांचा गुबगुबीत बोका. घरचे सांगतात, "मॅडम, दोन दिवस झाले, याला शौचाला होत नाहीये. एरंडेल पाजलं, तरी वाळूत बसून कुंथतोच आहे." पोटाला हात लावला की कळतं, शौचाचा काही संबंध नाही. मूत्राशय तट्ट फुगून दगडासारखं लागतं. लघवीचा मार्ग बंद झालेला असतो. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी इतकी अरुंद असते की सुजेमुळे सुटलेला चिकट स्राव आणि लघवीतले बारीक खडे यांचा बोळा तिथं सहज अडकतो. चोवीस तास उलटले की मूत्रपिंडांवर ताण येऊ लागतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. म्हणून सगळ्यांना कळकळीनं सांगते: बोका वारंवार वाळूत जाऊन बसतो आहे आणि थेंब पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

नळी घालून लघवी मोकळी केली, सलाइन लावलं, बोका सावरला, की मी घरच्यांना समोर बसवते आणि विचारते, "घराभोवती नवं मांजर यायला लागलंय का?" बहुतेकदा उत्तर येतं, "हो, येतो ना एक काळा बोका. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतो. मी त्याला रोज दूध-पोळी ठेवते."

या दोन गोष्टींचा संबंध ऐकून लोक चकित होतात. पण तरुण, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते तेव्हा बहुतेक वेळा जंतूंचा काही हात नसतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी अनेक वर्षं याच दुखण्याचा अभ्यास केला. अशा मांजरांचं मूत्राशय तपासत बसण्याआधी त्यांचं घर तपासा, हे आज आम्ही सगळे मानतो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मांजराला आपला इलाखा म्हणजे सुरक्षितता. परका बोका रोज काचेपलीकडे बसतो, दाराच्या चौकटीवर मुतून आपली खूण सोडून जातो, आणि घरच्याला ना पळता येतं ना त्याला पळवून लावता येतं. हा ताण शरीरात शिरतो. मूत्राशयाचं आतलं अस्तर हुळहुळतं, सुजतं. काही मांजरं गादीवर मुतू लागतात, काही पोटावरचे केस चाटून चाटून उडवतात. काही तर खिडकीबाहेरच्याचा राग घरातल्या दुसऱ्या मांजरावर किंवा जवळून जाणाऱ्या मुलावर काढतात. अशा मांजराला लोक "वाकड्या स्वभावाचं" म्हणतात, मारतातही. त्याला मारू नका. ते घाबरलेलं आहे.

खानदेशचा उन्हाळा याला जोड देतो. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्यामुळे त्याची तहान मुळातच कमी आणि लघवी दाट. उंदराच्या शरीरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कोरड्या दाण्यांच्या खाद्यात जेमतेम दहा टक्के. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेलेला, बोका दिवसभर कोरडे दाणे खातोय, पाणी स्टीलच्या वाटीत तापलेलं, आणि खिडकीत परका बोका. अडथळ्याला लागणारं सगळं जमून आलेलं असतं. मातीची पसरट परळ दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब, सावलीत ठेवा, पाणी दिवसातून दोनदा बदला आणि दाणे थोडे भिजवून द्या. बाहेरच्यासाठीही एक परळ ठेवाच. उन्हाळ्यात त्याला अन्नापेक्षा पाण्याची गरज मोठी असते.

आता ताटलीची जागा. घरच्या मांजराला ती दिसता कामा नये आणि शक्यतो तिचा वासही येता कामा नये. स्वयंपाकघराची खिडकी, पुढची ओसरी, गॅलरीची जाळी या जागा वगळा. परसदार, गोठ्याची मागची बाजू, कुंपणाचा लांबचा कोपरा बघा. खिडकीचा खालचा भाग कागद लावून झाका. घरच्याला बाहेर बघायला उंच जागा हवीच असते, तर ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीत करा. वेळ एकच ठेवा. बाहेरची मांजरं वेळ चटकन शिकतात. घरच्याला आधी खाऊ घाला, मग बाहेर ताटली ठेवा, आणि अर्ध्या तासानं ती उचलून धुवा. दिवसभर पडून राहिलेल्या अन्नावर मुंग्या येतात, कुत्री येतात आणि आणखी तीन बोके येतात. मग रात्रभर भांडणं, आणि त्या भांडणातल्या चाव्यांतून मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

शेजारीही याच ठिकाणी बिनसतात, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नसतं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तीतल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची तरतूद आहे. जागा आणि वेळ रहिवाशांनी मिळून ठरवायची. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून, जिन्यापासून दूर असावी. नवीन अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर अर्धी भांडणं होणारच नाहीत.

काय घालायचं, यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्याकडचं प्रेम नेमकं इथं आडवं येतं. हे सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानचं गाव, माळकरी घरं पुष्कळ. मांजराला दूध-पोळी घालणं हे पुण्याचं काम. पण वाढलेल्या मांजराच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा रस फारसा उरलेला नसतो. दूध पिऊन त्याला हगवण लागते आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणखी घटतं. पोळीनं पोट भरतं, गरज भागत नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळावा लागतो, आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हे १९७५ पासून माहीत आहे. हृदयाचा स्नायू पातळ होऊन फुगतो, हे १९८७ मध्ये कळलं. ज्यांच्या घरात अंडं-मासळी चालते त्यांनी बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा मासे द्यावेत. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी मांजराच्या तयार खाद्याचं पाकीट आणावं. त्यात टॉरिन घातलेलं असतं, आणि कितीतरी माळकरी घरांनी ते मांजरासाठी आनंदानं पत्करलंय.

पण उरलेला रस्सा नको. शेवभाजीचा तर मुळीच नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपला काळा मसाला भाजलेल्या कांद्यावरच उभा असतो. भाकरी रश्शात कुस्करून घातली आणि मांजर दोन-तीन दिवसांत निस्तेज झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, असं दिसलं तर खाण्यात काय गेलं ते मला आधी सांगा. तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, तिचा तुकडाही मांजराला मारायला पुरतो. ते औषध निकामी करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाही. गुरांच्या गोचिडांवर मारायचं औषध गोठ्यात असतंच म्हणून पिसवांसाठी मांजराला फासणारेही आहेत. त्यानं मांजर थरथरत, झटके देत दगावतं. बाहेरच्या मांजराला पिसवा झाल्या असतील तर दवाखान्यात विचारा, मांजरासाठीचं औषध वेगळं मिळतं.

"आमचं तर घराबाहेर पडतच नाही, त्याला लस कशाला?" हे वाक्य मी सतत ऐकते. मांजर पडत नाही, तुम्ही पडता. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू आजारी पिल्लाच्या विष्ठेतून जमिनीवर, ताटलीवर, चपलेच्या तळाला लागतो आणि वर्षभरही तग धरतो. मागच्या दारी अशक्त पिल्लाला कुरवाळून तुम्ही तेच हात घेऊन घरात आलात, की झालं. लहान पिल्लं या आजारात उलट्या आणि हगवणीनं दोन-चार दिवसांत जातात, कितीही सलाइन लावलं तरी. आठव्या आठवड्यापासून लस सुरू करा, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चौथ्या महिन्यापर्यंत द्या, मग वर्षानं पुन्हा. तीन महिने पूर्ण झाले की रेबीजचीही द्या. बाहेरच्या ताटल्या वेगळ्या, धुण्याची जागा वेगळी, मागच्या दाराच्या चपला वेगळ्या. परतल्यावर हात साबणानं धुवा. साध्या साबणानं हा विषाणू मरत नाही, धुऊन निघतो एवढंच. फरशी आणि भांड्यांसाठी पाण्यात मिसळलेलं ब्लीच वापरावं लागतं.

बाहेरचं मांजर लळा लावतं आणि एक दिवस त्याला घरात घ्यावंसं वाटतं. घ्या, पण थेट दिवाणखान्यात सोडू नका. निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, तपासून घ्या, लस द्या. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या जागी ठेवा, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खाऊ घाला, मग दार बोटभर उघडा. याला महिना लागला तर लागू द्या. वाळूच्या टोपल्या मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि एका रांगेत नकोत. घाईनं गाठ घालून दिलेली दोन मांजरं पुढं आयुष्यभर एकमेकांवर गुरगुरतात.

आणि नसबंदी. हे माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं आहे. पोटभर खाणारी भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या पिल्लांतली कितीतरी पहिल्या वर्षात मरतात: गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, धान्याच्या गोदामात विष खाल्लेला उंदीर खाऊन. नुसतं खाऊ घालून आपण भूक भागवतो, पण मरायला आणखी पिल्लं जन्मतात. २०१९ च्या पशुगणनेत भटकी गुरं मोजली गेली, भटकी कुत्री मोजली गेली. मांजरांसाठी रकानाच नव्हता. मुंबई महापालिकेनं मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे, पण तालुक्याच्या गावात अशी मोहीम अजून दिसत नाही. इथं ज्यानं ताटली ठेवली, त्यानंच पिंजरा आणायचा.

ते अवघड नाही. वेळेवर येणारं मांजर पकडणं सोपं जातं, म्हणून तर वेळ पाळायची. पिंजऱ्याचं दार दोरीनं उघडं बांधा आणि चार-सहा दिवस ताटली पिंजऱ्यात आतवर ठेवा. ठरलेल्या दिवशी दोरी सोडून द्या. मांजर आत गेलं की पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की ते शांत होतं. हातानं धरायला जाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. शस्त्रक्रियेच्या वेळीच मांजरालाही रेबीजची लस देतो आणि बेशुद्धीतच कानाचं टोक किंचित कापतो, म्हणजे त्याच मांजराला पुन्हा कुणी पकडून आणत नाही. बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो, भाटीला दोन-तीन दिवस ठेवावं लागतं. सोडायचं ते जिथून पकडलं तिथंच. बोक्यांची नसबंदी झाली की चौकटीवरचं मुतणं आणि रात्रीची भांडणं बहुतेक थांबतात, आणि खिडकीच्या आतल्याचाही जीव भांड्यात पडतो.

भाटी नुकतीच व्यायलेली असेल तर थांबा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. धोका वाटला, वास साचला, पिसवा झाल्या की ती जागा खरोखरच बदलते, म्हणून पिल्लं दिसत नाहीत तरी ती कुठंतरी असतात. तिचे सड भरलेले असतील तर तिला पकडून दिवसभर अडकवू नका; तिकडं पिल्लं उपाशी मरतील. खाणं वाढवा, ती कुठल्या बाजूला जाते ते बघा, आणि पिल्लं आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की सगळ्यांना मिळून आणा. पिंजरा दवाखान्यातून न्या, फक्त आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्या सकाळी शस्त्रक्रियेची वेळ राखून ठेवता येते.