हरलेल्याची परीक्षा

लोकशाहीची परीक्षा मतदानाच्या दिवशी होते, असे आपण मुलांना सांगतो. मला विचाराल, तर ती होते निकालाच्या दुसऱ्या दिवशी, आणि परीक्षेला बसतो तो हरलेला! आमच्या सोसायटीत पडलेल्या चिटणीसांनी दप्तराच्या कपाटाची किल्ली सोडायला दोन महिने घेतले. कपाटात काय, तर पाणीपट्टीच्या पावत्या! मग कपाटात अख्खे राज्य असेल तर?

मालदीवचेच पाहा. आपली नवी जोडपी तिथे निळे पाणी पाहायला जातात. मला त्या चिमुकल्या बेटांवरचे राजकारण अधिक गुंगवते. बहुतेक जमीन समुद्रापासून पुरुषभरही उंच नाही. आणि सत्ताही तशीच, लाटेला जवळ. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी ऐंशीएक भाडोत्री बंदूकवाले राजधानी मालेत उतरले, तेवढ्याने राज्य डळमळले. त्याच रात्री आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून विमानाने गेले, म्हणून मौमून गयूम यांचे सरकार वाचले.

हेच गयूम तीस वर्षे गादीवर होते. २००८ साली पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली, त्यांच्याच तुरुंगात राहिलेले मोहम्मद नशीद जिंकले, आणि गयूम चक्क पायउतार झाले! पण २०१२ साली पोलिसांच्या बंडाळीत नशीदांनाच राजीनामा द्यावा लागला. २०१८ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष यामीन यांनी आणीबाणी पुकारून सरन्यायाधीशांनाच अटकेत टाकले. २०२१ साली बाँबस्फोटात नशीद मरता मरता वाचले.

तरी गंमत अशी, की २००८ ते २०२३ या काळात निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एकाही विद्यमान अध्यक्षाला मतदारांनी पुन्हा निवडले नाही. यामीनसुद्धा २०१८ च्या सप्टेंबरात हरले आणि गेले. २०२३ साली सोलिह हरले; त्यांनीही मुइझ्झूंच्या हाती कारभार सोपवला.

त्या निवडणुकीत, खरे सांगायचे तर, थोडे आपणही हरलो होतो. भारतीय सैनिक परत पाठवू, हे मुइझ्झूंचे वचन होते. आमच्या कट्ट्यावर तेव्हा केवढा संताप! ‘एवढे केले, त्याचे हे फळ?’ पण केलेल्या उपकारापोटी शेजाऱ्याचे मत आपल्या खिशात येत नाही. मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परतले, त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले; आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीला पाहुणे म्हणून आले.

हरल्यावर दार आपटून जाऊ नये. हळूच ओढून घेतलेले दार पुन्हा उघडायला सोपे जाते.