देवदार : नाव आणि झाड

आमच्या वडिलांची पुस्तके देवदारी खोक्यांत असत. बाजारात माल उतरला की रिकामी होणारी ती हलकी, स्वस्त खोकी. सामान भरण्याच्या कुठल्याही फिकट सूचिपर्णी लाकडाला आपल्याकडे सर्रास देवदार म्हणत. पुढे 'रघुवंशा'चा दुसरा सर्ग वर्षानुवर्षे शिकवताना 'देवदारु' या शब्दापाशी आमच्या डोळ्यांसमोर, खरे सांगायचे तर, तेच खोके येई.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, देवदार म्हणजे देवाचे दार ना?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि फळ्यावर व्युत्पत्ती मांडली. देव अधिक दारु. दारु म्हणजे लाकूड. आपले 'दार' हे 'द्वारा'पासून आले आणि मद्यवाचक 'दारू' फारसीतल्या औषधवाचक शब्दापासून; या वृक्षाशी दोहोंचा संबंध नाही. 'द्रुम' मात्र याच कुळातला. ग्रीक 'दोरु' आणि इंग्रजी 'ट्री' हे दूरचे नातलग. १८३० साली रूढ झालेल्या 'सेड्रस देओदारा' या शास्त्रीय नावातही हाच संस्कृत शब्द आहे. सारे बिनचूक होते.

त्यानंतर काही वर्षांनी उत्तराखंडातील जागेश्वरला जाणे झाले. तेथील मंदिरसमूहाभोवती देवदारांचे दाट बन आहे. एका प्रचंड बुंध्यावर हात ठेवला, तेव्हा आपण हा शब्द आजवर झाडाविनाच शिकवला, हे ध्यानी आले.

आणखीही एक गोष्ट जाणवली. हे नाव, देवाचे झाले तरी, झाडाकडे लाकूड म्हणूनच पाहते. ते सुगंधी आणि टिकाऊ, म्हणून देवळांच्या कामी आले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्लीपरांसाठीही हीच बने तोडली गेली. कालिदासाने मात्र या लाकडाला शंकराचा मानलेला पुत्र केले. रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल सोलली, तेव्हा पार्वतीला कार्तिकेय जखमी झाल्यासारखे दुःख झाले, असे दिलीपाला सिंह सांगतो. व्युत्पत्ती जिथे लाकडापाशी थांबते, तिथे कवीला जखम दिसते. ती साल आमच्या हाताखाली होती आणि आम्ही तो श्लोक केवळ अन्वयासाठी सोडवत आलो होतो.

त्या मुलीची व्युत्पत्ती चुकली होती, यात शंका नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर निदान खोके नव्हते.