गाण्याचें बिऱ्हाड

वडिलांनीं मागें काय ठेवलें असें कोणीं विचारलें, तर मी प्रथम तबकड्यांचें नांव घेतों. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावणाऱ्या. अब्दुल करीम खांसाहेब, हिराबाई बडोदेकर अशीं माणसें तेवढ्या वेळांत सबंध राग उभा करून जात. दोन पावसाळे खपून त्या साऱ्या तबकड्या मीं संगणकांत उतरविल्या. आईच्या जात्यावरच्या ओव्यांची एकुलती एक कॅसेटहि उतरविली. तें भांडार तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्यें मावलें. ती डिस्क ॲम्प्लिफायरशेजारच्या यंत्राला यूएसबीच्या तारेनें जोडून मी किल्ली कडोसरीला लावलेल्या कारभाऱ्यासारखा निर्धास्त झालों.

मुलाला हें पसंत नव्हतें. राउटरला जोडलेली दोन डिस्कांची पेटी, ज्याला तीं मंडळी नॅस म्हणतात, ती घ्यावी असें त्याचें मत. "बाबा, गाणीं घराचीं आहेत, पण तुमच्या खोलींत कोंडलेलीं आहेत!"

मीं नादाच्या शुद्धतेची ढाल पुढें केली. ढाल लटकी होती. सीडीच्या दर्जाचा नाद सेकंदाला सुमारें १४ लाख बिट मागतो. घरांतला साधा वाय-फायहि त्याच्या कितीतरी पट वाहून नेतो. आंकडे तारेंतून आले काय नि हवेंतून आले काय, पोंचले म्हणजे तेच असतात. खरें कारण निराळें होतें. ओव्या ऐकायच्या तर घरच्यांना माझ्या खोलींत यावें लागे, आणि तें मला आवडे.

एके दुपारीं केर काढतांना माझ्याच हातून तार ओढली गेली आणि डिस्क फरशीवर आदळली. कानाशीं धरली, तों आंतून नुसती टक्-टक्. दुरुस्तीवाल्यानें दोन दिवस ठेवून घेऊन मान हलविली. तबकड्या शाबूत होत्या. कॅसेटला मात्र केव्हांच बुरशी धरली होती. आईचा आवाज गेला, असें मीं कोणाशीं बोललोंहि नाहीं. रात्रीं साताऱ्याहून बहिणीचा फोन आला. ओव्या तिच्यापाशीं होत्या! मुलानें मला न विचारतां तिला पूर्वींच पाठविल्या होत्या.

मग नॅस आली. प्रथम ती दिवाणखान्यांत ठेवली; रात्रीं डिस्कांची घरघर विलंबित लयींत साथ करूं लागली, तेव्हां तिला माळ्यावर धाडलें. आतां सून पोळ्या लाटतांना ओव्या लावते, आणि मी त्या भिंतीपलीकडून ऐकतों. दोन्ही डिस्कांवर मजकूर एकच, तेव्हां एक बिघडली तरी दुसरी आहे, या भरंवशावर होतों. पण एकदां चुकून हिराबाईंचा फोल्डर पुसला गेला, आणि दुसऱ्या डिस्कनेंहि त्याच क्षणीं आज्ञाधारकपणें तो पुसला. त्या तबकड्या तिसऱ्यांदां उतरवाव्या लागल्या.

म्हणून यूएसबीच्या डिस्का पुन्हां घेतल्या, दोन. पण ऐकण्यासाठीं नव्हे. दर भाऊबीजेला त्यांतली एक, ताजी भरलेली, मी साताऱ्यास नेतों. ओवाळून झालें कीं बहीण कपाटांतल्या लुगड्यांच्या घड्यांतून गेल्या वर्षाची काढून माझ्या हातीं देते. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो.