वासाचा त्रास: खरा की मनाचा?



आज आधी माझी एक चूक सांगतो, मग तुमच्या उपयोगाचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या. कुणाचं अत्तर, फरशीचं फिनेल, भिंतीचा ताजा रंग, अगरबत्ती, काहीही नाकाशी आलं की त्यांना खोकल्याची उबळ यायची, घसा आवळायचा, डोकं जड व्हायचं. एक्स-रे, रक्ततपासणी, फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, सगळं नॉर्मल. एके दिवशी मी युक्ती केली. कापसाचा बोळा साध्या पाण्यात भिजवला आणि “हे फिनेल आहे” असं सांगून त्यांच्या नाकासमोर धरला. त्या लगेच खोकू लागल्या. मी म्हणालो, “बाई, हे पाणी होतं. तुमचा आजार मनाचा आहे.” त्या गप्प उठून गेल्या. नंतर आल्याच नाहीत.

माझी चाचणी चुकीची होती, आणि तिचा मी काढलेला अर्थ त्याहून चुकीचा.

नाकात दोन यंत्रणा

वास ओळखणारी नस वेगळी आणि झणझण, चुरचुर जाणवणारी नस वेगळी. मिरचीची फोडणी पडली की अख्खं घर खोकतं, ते वासामुळे नव्हे. मिरचीतलं कॅपसायसिन नाकातल्या आणि घशातल्या दुसऱ्या प्रकारच्या नसांना डिवचतं. बहुतेक रसायनं पुरेशा प्रमाणात असली की दोन्ही यंत्रणा जाग्या करतात. त्यामुळे त्रास वासाचा की जळजळीचा, हे रुग्णालाही सांगता येत नाही.

चाचणी नीट कशी करतात?

रुग्णाची संमती घेऊन त्याला बंद खोलीत बसवतात. कधी रसायन सोडतात, कधी नुसती स्वच्छ हवा. कोणत्या वेळी काय, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून पेपरमिंटसारख्या वासाने तो झाकतात. असं अनेकदा, क्रम बदलून करतात.

2006 साली या विषयावरच्या 37 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. रुग्णांना त्रास होत होता, यात शंका नव्हती. पण वास नीट झाकला की रसायन कोणतं आणि स्वच्छ हवा कोणती, हे त्यांना वेगळं सांगता येत नव्हतं.

“मग डॉक्टर, तुमचंच बरोबर होतं की!” असं तुम्ही म्हणाल. थांबा.

स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा रुग्णांना कॅपसायसिनची वाफ हुंगायला दिली. निरोगी माणसांपेक्षा ते कितीतरी जास्त खोकले. म्हणजे काहींच्या नसा खरोखरच हळव्या असतात. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा, 2014 साली प्रसिद्ध झालेला. दम्याच्या रुग्णांना गुलाबासारखा एक निरुपद्रवी वास दिला. काहींना सांगितलं, याने दमा वाढू शकतो. काहींना सांगितलं, हा गुणकारी आहे. वास एकच. पण भीती घातलेल्या गटात श्वासनलिकेची सूज दाखवणारं मोजमाप वाढलं, आणि दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलंच होतं.

धोका वाटला की शरीर खरोखर बदलतं. त्रासाची सुरुवात मेंदूत झाली म्हणून तो खोटा ठरत नाही. माझ्या बोळ्याने एवढंच दाखवलं होतं की बाईंचं शरीर धोक्याच्या सूचनेलाही उत्तर देत होतं. मी मात्र त्यांना खोटं ठरवलं.

तुम्ही काय कराल?

• आधी दमा आहे का ते बघून घ्या. एकदा फुंकून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दमा नाही, असं होत नाही. गरज पडल्यास डॉक्टर पीक फ्लो मीटरची रोजची नोंद ठेवायला सांगतात किंवा पुढची चाचणी करतात.
• कोणता वास, किती वाजता, काय झालं, किती वेळात बरं वाटलं, हे वहीत लिहा.
• या त्रासाचं निदान करणारी एकही रक्ततपासणी नाही. महागड्या पॅकेजवर पैसे घालवू नका.
• धूर कुणालाच चांगला नाही. धूप, कॉइल, अगरबत्ती कमी करा. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.
• घरी फसवून परीक्षा घेऊ नका. पण भीतीपोटी एकेक जागा सोडतही जाऊ नका. घरात कोंडून घेतलं की हळवेपणा बहुधा वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बाहेर पडा.
• धाप लागून वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ किंवा चेहरा सुजला असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

काही वर्षांनी त्या बाई आईचं ब्लडप्रेशर दाखवायला आल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, पाण्याने का होईना, खोकला आला होता ना?”

आला होता. त्यानंतर मी तो बोळा कुणासमोर धरला नाही. आता आधी विचारतो, “काय होतं ते सांगा,” आणि ऐकतो.