वडगावची कांडी आणि गळाचे रीळ

बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, खासबाग आणि वडगाव अशी एकमेकांना चिकटून असलेली विणकरांची वस्ती आहे. गल्लीत शिरले की आधी मागांचा खटखटाट कानावर येतो, माणसे नंतर दिसतात. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि मागावर दोन्ही, असा इथला रिवाज. आपला माग तो त्यांचा मग्ग. आपली कांडी ती त्यांची कंडिके. आणि मासे धरायचा आपला गळ तो त्यांचा गाळ. सीमेचा वाद काहीही असो, सुताच्या आणि पाण्याच्या शब्दांनी आपली फाळणी करून घेतलेली नाही.

हे मासे धरण्याचे वेड वडगावात नवे नाही. नवा आहे तो त्यातला खर्च. पूर्वी बांबूची काठी, चार हात तंगूस आणि डब्यात गांडुळे एवढ्यावर रविवार साजरा होई. आता मोटारसायकलीला फायबरच्या काठ्या बांधलेल्या दिसतात आणि प्रत्येक काठीला एक रीळ असते. हजार-बाराशेचे रीळ वर्षभर वापरून झाले की पोरांना पाच-सहा हजारांचे खुणावू लागते. मग घरात तोंडे फुगतात. सहा हजार म्हणजे किती साड्यांची मजुरी, हा हिशोब या गल्लीतले शेंबडे पोरही मांडू शकते. बापाचे म्हणणे, “मासा काय रिळाची किंमत विचारून गळाला लागतो?” पोराचे म्हणणे, “मागाला नवा सामान घालता, तेव्हा मी विचारतो का?” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी न नेता नीट तपासायला हवा. आणि तो तपासायला वडगावइतके योग्य गाव दुसरे नाही. का, ते पुढे सांगतो.

कांडीतून निघालेले यंत्र

जुनी रिळे म्हणजे साधे चाक असे. गळ फेकला की चाक गरगर फिरे आणि दोरी सुटे. गळाचा वेग मंदावला तरी चाक आपल्याच तंद्रीत फिरत राही आणि दोरीचे घरटे होई. हलके आमिष दूर फेकणे तर जवळजवळ अशक्यच. यावर तोडगा निघाला तो इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात. ब्रॅडफर्ड हे तिथले लोकरीच्या गिरण्यांचे शहर. त्या धंद्यातल्या घराण्यातला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ साली एका नव्या रिळाचे पेटंट घेतले. त्याची कल्पना कापडधंद्यातल्या बॉबिनवरून आली होती. चाक फिरवायचेच नाही, ते स्थिर ठेवायचे आणि दोरी त्याच्या टोकावरून सुटू द्यायची. आज बाजारात ‘स्पिनिंग रीळ’ म्हणून जे मिळते ते याच कल्पनेचे वंशज.

वडगावच्या कोणत्याही घरात हे समजावून सांगावे लागत नाही. धोट्यात बसवलेली कांडी फिरत नाही. धोटा इकडून तिकडे धावतो आणि सूत कांडीच्या टोकावरून सुटत जाते. रिळाचेही नेमके तसेच. परत गुंडाळताना मात्र तारेची एक कमान त्या कांडीभोवती फिरते आणि तंगूस तिच्यावर बसवत जाते. ज्या आजीने आयुष्यभर रहाटावर कांड्या भरल्या, तिला नातवाच्या रिळातले गुण-दोष दुकानदारापेक्षा आधी कळतील.

ती काय सांगेल तेही ठाऊक आहे. कांडी अति भरली तर सूत ढासळते आणि गुंता होतो. कमी भरली तर सूत कडेला घासत, अडत सुटते. रिळाचा नियम हाच आहे. कडेच्या खाली दोन-तीन मिलिमीटर राहील इतकीच तंगूस भरावी. कितीतरी जणांचा गळ दूर जात नाही तो रीळ स्वस्त म्हणून नव्हे, तर रीळ अर्धे रिकामे म्हणून. दुसरी गोष्ट पिळाची. टोकावरून सुटणाऱ्या दोऱ्याला पीळ पडतोच. त्यात मासा ओढ घेत असताना आणि रीळ घसरत असताना आपण मूठ फिरवत राहिलो, तर प्रत्येक फेऱ्याला आणखी पीळ चढतो. मासा ओढतो तेव्हा हात थांबवावा, तो थांबला की गुंडाळावे. या दोन्ही गोष्टींना एक पैसा लागत नाही.

आपले पाणी कसले आहे

रीळ किती किमतीचे हवे, हे पाणी पाहून ठरते. वडगावच्या शिवाराकडेने बळ्ळारी नाला जातो. पहिल्या पावसात या शिवारात चढणीचे मासे टोपलीने धरत, असे जुनी माणसे सांगतात. आता त्या नाल्यात शहराचे सांडपाणी आहे. म्हणून हौशी माणसाला गाव सोडून दूर जावे लागते.

पश्चिमेला मार्कंडेय नदीवर राकसकोप आहे, पण ते बेळगावच्या पिण्याचे पाणी. निपाणीचा जवाहर तलावही तसाच. अशा ठिकाणी गळ टाकण्याआधी परवानगीचे विचारावे. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर हिडकलचे राजा लखमगौडा धरण आहे, त्याची साठवण क्षमता ५१ टीएमसी. एवढ्या विस्तीर्ण पाण्यात कडेला उभे राहून रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी लांब फेक करावी लागते. मासा पाच-सात किलोचा लागू शकतो आणि तो सरळ खोल पाण्याकडे पळतो. इथे रिळाची परीक्षा होते.

बेळगावहून निपाणीकडे गेले तर यमगर्णीजवळ वेदगंगा भेटते. भुदरगडातून येणारी ही नदी पुढे दूधगंगेला मिळते आणि ते पाणी कृष्णेला जाते. हिवाळ्यात तिचे पात्र आटोपशीर असते. वीस-पंचवीस हात फेक पुष्कळ झाली. चिलापी, लहान मृगळ असे मासे धरायला सहा हजारांचे रीळ म्हणजे भाजी चिरायला तलवार. गावतळ्यांत मरळ असतो. तो गवताच्या आड लपतो आणि रबरी बेडकावर झडप घालतो. तिथे गवत कापत येणारी मजबूत दोरी आणि ताठ काठी हवी, रीळ मध्यम चालते.

मग महागडे रीळ कोणाला शोभते? एक, समुद्राच्या माणसाला. आपल्याकडची मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात, कोणी आंबोलीमार्गे मालवणला, कोणी कारवारला. खारे पाणी आणि वाळू स्वस्त रिळाच्या आतल्या लोखंडाला दोन-तीन खेपांतच खाते. पाणी आत न शिरू देणारे, न गंजणारे रीळ तिथे पैसे वसूल करते. दोन, म्हसीराच्या मागे जाणाऱ्याला. या माशाला मराठीत खडस असेही म्हणतात. १८३९ साली कर्नल साईक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या म्हसीराचे शास्त्रीय वर्णन केले आणि नाव दिले त्यात ‘खुद्री’ हा शब्द आला. हा मासा वीस किलोच्या पुढे वाढतो आणि प्रवाहात त्याची पहिली धाव कच्च्या रिळाचे दात काढून हातात देते. पण तो जिथे आहे तिथे बहुधा अभयारण्य तरी असते किंवा देवस्थान तरी. अभयारण्यात गळ टाकता येत नाही. आणि शृंगेरीच्या तुंगेत पायरीपाशी गोळा होणाऱ्या माशांना आपण कुरमुरे घालतो, गळ नव्हे. म्हणजे म्हसीरासाठी रीळ घेतो म्हणणाऱ्याने आधी पाणी शोधावे, मग दुकान.

जास्तीचे पैसे जातात कुठे

खोक्यावर मोठ्या अक्षरात बेअरिंगची संख्या छापलेली असते. पाच, दहा, बारा. त्याला भुलू नये. चार चांगली बेअरिंगे बारा सुमार बेअरिंगांपेक्षा बरी, हे पॉवरलूम चालवणाऱ्याला मी सांगण्याची गरज नाही. किंमत वाढते तसे रीळ हलके होते, गुळगुळीत फिरते, दात टिकाऊ होतात. पण पाण्यावर खरा उपयोग एकाच भागाचा. पोरे ज्याला ‘ड्रॅग’ म्हणतात तो घसरता ब्रेक. मासा जोराने ओढतो तेव्हा तंगूस तुटण्याआधी कांडी थोडी घसरली पाहिजे, तीही धक्के न देता. अगदी स्वस्त रिळात हा ब्रेक एकतर जाम असतो किंवा सैल. जाम असला तर तंगूस तुटते. सैल असला तर मासा पळतो. मध्यम किमतीच्या रिळात तो सुरळीत चालतो. त्याच्या वरच्या किमतीत तो आणखी सुरळीत होतो खरा, पण रोहू-कटल्याच्या माणसाला तो फरक मनगटावर जाणवेल, पिशवीत दिसणार नाही.

ब्रेक तपासायला घरातला स्प्रिंगचा काटा पुरे. तंगुशीचे टोक काट्याला बांधून काठी ओढावी आणि काटा कुठे असताना रीळ घसरते ते पाहावे. तंगूस दहा किलोची असेल तर अडीच-तीन किलोवर घसरायला हवे. तुमचे जुने रीळ या परीक्षेत न अडखळता उतरले, तर ते बदलण्याचे कारण नाही. अडखळले, तर आधी उघडून, पुसून, तेल-ग्रीस देऊन पुन्हा पाहावे. तरीही अडखळले, तर बेलाशक नवे घ्यावे.

आता खर्चाचा क्रम. पहिला पैसा तंगुशीवर. नायलॉन उन्हाने मरते. वर्षाच्या जुन्या तंगुशीवर मोठा मासा घालवून रिळाला शिव्या देणारे खूप आहेत. दुसरा पैसा गळावर. नखावर टेकवला तर न घसरता रुतला पाहिजे, नाहीतर फेकून द्यावा. तिसरी गोष्ट गाठ. ती थुंकीने ओली करून हळू आवळावी, कोरडी आवळली तर तंगूस भाजते आणि तिथेच तुटते. चौथी गोष्ट चारा. शेंगदाण्याची पेंड, कोंडा, कणीक यांची ज्याची जी सवय. या चारही गोष्टी जुळल्यावर रिळाचा नंबर. आणि त्यातही उडी एकदाच घ्यावी. खेळण्यातल्या रिळावरून मध्यम रिळावर. त्यापुढची पायरी समुद्रावर वारंवार जाणाऱ्यासाठी.

मागाचा धडा

हे सारे वडगावला नवे नाही. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या यंत्रांसाठी तंत्रज्ञान सुधारणा निधीची योजना आणली, तेव्हापासून साधा माग काढून वेगवान माग घालावा का, ही चर्चा देशभरातल्या मागवाल्यांत झाली. वेगवान माग जास्त कापड विणतो यात शंका नाही. पण विणलेले कापड उचलणारा व्यापारी नसेल, तर तो माग जास्त वेगाने नुकसान विणतो. ज्यांच्याकडे बारमाही मागणी होती त्यांचे कर्ज फिटण्याची आशा होती. ज्यांनी शेजाऱ्याने घातला म्हणून घातला त्यांना हप्त्याने झोपवले नाही. रिळाचे प्रमाण लहान, पण हिशोब तोच. वर्षातून किती दिवस पाण्यावर जाणार? आठ रविवार जाणाऱ्याला सहा हजारांचे रीळ पहिल्या वर्षी फेरीला साडेसातशेला पडते. दर रविवारी जाणाऱ्याला ते शंभर-सव्वाशेला पडते. बाप-लेकांनी भांडण्यापूर्वी हा आकडा कागदावर मांडावा. कधी बाप जिंकेल, कधी लेक.

एका गोष्टीवर मात्र काटकसर नको. हिडकलच्या कडा निसरड्या आहेत आणि लांब फेकीच्या नादात माणूस एक पाऊल पुढे सरकतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेने यमगर्णीपाशी महामार्ग अडवला होता, हे निपाणीकर विसरलेले नाहीत. पावसाळ्यात, धरणाचे पाणी सोडलेले असताना, नदीकाठी काठी घेऊन उभे राहू नये. पोहता न येणाऱ्या पोराला सहा हजार द्यायचेच असतील, तर त्यातला पहिला भाग तरंगते जाकीट घ्यायला द्यावा.

आणि नवे घेतलेच तर जुने रीळ भंगारात देऊ नये. गोड्या पाण्याने पुसून, तेलाचे दोन थेंब देऊन ते घरातल्या धाकट्याच्या हातात द्यावे. त्यात तंगूस भरायला आजीला बसवावे. किती भरायची, ते तिला विचारावे लागणार नाही.